कोरडी पाकळी

प्रिय दादूस,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आधी तिथले साहेब उघडून वाचणार, हे मला माहितीये. वाचू देत. आपल्या घरातलं आता झाकून ठेवण्यासारखं राहिलंय तरी काय? ज्या दिवशी तू गावदेवीच्या जत्रेत, भर पालखीसमोर, आपल्या सख्ख्या भावाच्या मानेवर कोयता घातलास, त्याच दिवशी समोरच्या टॉवरच्या कुठल्याशा गॅलरीतून कुणीतरी मोबाइलवर शूटिंग केलं, आणि अख्ख्या डोंबिवलीने आपल्या प्रीतमला मरताना पाहिलं. तेव्हा साहेबांनी एक पत्र वाचलं तर मला काय त्याचं. मी भेटायला आले नाही, एकदाही नाही, याचा तुला राग असेल. असू दे. मध्ये जाळी आणि जाळीपलीकडे तू, असं बसून मला बोलता आलं नसतं. एक तर मी रडले असते, नाहीतर पायातली चप्पल काढली असती. म्हणून लिहितेय.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे, म्हणजे चालतेफिरते आहे. तुझ्या भेटीला येते तेव्हा तुला ती बरीच दिसत असणार, कारण त्या दिवशी ती न्हाऊन, वेणी माळून निघते. बाकीचे दिवस ओट्यावर बसून असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगते, की माझा दौलत मारणारा नाय, देवीनं त्याच्याकडून करून घेतलं. कुणी हो म्हटलं की त्याला चहा पाजते. कुणी गप्प राहिलं की पुन्हा पहिल्यापासून सांगते. मी तिला माझ्याकडे माजिवड्याला चल म्हटलं, तर म्हणाली, तुझ्या घरून देवळाचा कळस दिसत नाय. मी जास्त ताणलं नाही. आईच्या अंगात भांडायचं बळ आता राहिलेलं नाही, आणि तिच्याशी भांडून जिंकायचं पाप मला नको होतं.

तुझे वकील मागच्या आठवड्यात माझ्या पार्लरमध्ये येऊन गेले. चांगले गृहस्थ आहेत रे, बायकांच्या पार्लरमध्ये शिरताना बिचारे लाजत होते. खुर्चीत एक गिऱ्हाईक आयब्रो करायला मान मागे टाकून बसलेली, ती त्यांचा शब्द न् शब्द ऐकत होती. मी तिला घरी पाठवलं, एक भुवई तशीच ठेवून. वकील म्हणाले, ताई, सरकारी वकील तुम्हाला साक्षीला बोलावणारच आहेत, मग मी उलटतपासणीत तुम्हाला एकच प्रश्न विचारेन. जत्रेच्या दिवशी दुपारी तुम्ही देवळात होतात असं तुमच्या आई सांगतात, तर तुमच्या भावाने कौल लावलेला तुम्ही पाहिला का, आणि उजवी पाकळी पडली का. तुम्ही फक्त हो म्हणा. दौलतरावांना खरोखर वाटलं की देवीने आज्ञा दिली, माणूस भ्रमात होता, एवढंच आम्हाला दाखवायचंय. तोवर, दादूस, त्या दुपारी तू देवीला काय विचारलंस ते मला माहीतच नव्हतं. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलेला खून सांगितला. पाकळ्यांचं कुणी विचारलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही. वकील गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि आरशासमोर नुसती बसून राहिले.

तेव्हापासून मी लहानपणात जाऊन येतेय सारखी. आपल्या बाबांचं तुला आठवतं ना? राघो आगरी म्हटलं की मिठागरावर माणसं वचकून असायची. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, हाताला काम उरलं नाही आणि ते हात आईवर पडायला लागले. एकदा त्यांनी आईला केसांना धरून विहिरीपर्यंत फरफटत नेलेलं, तिच्या पाठीची साल निघालेली. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर तिच्या पाठीला हळद लावत म्हणाले, मी नाय मारलं गो, दारूनं मारलं. आणि आई काय म्हणाली माहितीये? माहितीये मना. ती खरंच तसंच धरून चालायची. दारूला शिव्या घालायची, बाबांना जेवायला वाढायची. तू दारूच्या थेंबाला शिवला नाहीस म्हणून तिला तुझा केवढा अभिमान! तू देवीचा भक्त निघालास, मंगळवार धरलेस, अनवाणी राहिलास. पण दादूस, मला आता दिसतं, आपल्या घरात आजवर कुणी स्वतःच्या हाताने मारलंच नाही. बाबांची दारू मारायची, तुझी देवी मारते.

आणि कौलाची ती गोष्ट! आपल्याकडे मूल चालायला लागतं तेव्हापासून त्याला ते कळतं. देवीच्या शेंदरी दगडावर, तांदळ्यावर, जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मनात प्रश्न धरायचा आणि हात जोडून थांबायचं. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आठवतं, मे महिन्यात खाडीवर पोहायला जायचं तुझ्या मनात भरलेलं, आई नको म्हणत होती. शेवटी कटकट नको म्हणून म्हणाली, जा, देवीला विचारा. आपण तिघं गेलो. तू कौल लावलास आणि उजवी पाकळी टपकन पडली. मी टाळ्या पिटल्या. पण आपला प्रीतम, माझ्याहून जेमतेम वर्षाने मोठा, म्हणून मी त्याला कधी दादा म्हटलंच नाही, त्याचे डोळे भारी तीक्ष्ण. तो ओरडला, दादूसनं लबाडी केली, उजवी पाकळी भिजवलीच नाय, कोरडीच लावली! कोरडी पाकळी पडणार नाही तर काय होणार? तू त्याला देवळाच्या पायऱ्यांवरून ढकलून दिलंस. त्याच्या कपाळाला खोक पडली, एवढं रक्त मी तोवर पाहिलेलं नव्हतं. आई धावत आली तेव्हा तू शांतपणे सांगितलंस, देवीनं ढकललं, तो देवीला खोटं बोलला म्हणून. आणि आईने काय करावं! प्रीतमवरून लिंबू उतरवून टाकलं, त्यालाच देवीपुढे नाक घासायला लावलं. रक्त गळणाऱ्या पोराने माफी मागितली रे. तू बाजूला उभा होतास, आणि तुझ्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही, सुटका दिसली.

तू वाईटच होतास असं मी म्हणत नाही. तसं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. पुराच्या वर्षी घरात कमरेएवढं पाणी आलं, तेव्हा तू मला खांद्यावर घेऊन शाळेच्या गच्चीवर नेलंस आणि वाटेत मला भीती वाटू नये म्हणून लग्नात म्हणतात त्या धवल्यांची टर उडवत होतास. लग्नानंतर दर भाऊबिजेला तू चिंबोऱ्यांची पिशवी घेऊन माजिवड्याला यायचास, आणि माझ्या सोसायटीतल्या बायका नाकाला पदर लावायच्या तेव्हा मुद्दाम पिशवी लिफ्टमध्ये उघडायचास. पार्लरच्या गाळ्यावरून एका माणसाने मला त्रास दिला, तेव्हा तू नुसता येऊन त्याच्या समोर उभा राहिलास आणि तो वरमला. मला तुझ्या त्या दंडांचा गर्व होता, खोटं कशाला सांगू. आपल्यासाठी उठलेला हात आपल्याला हात वाटतच नाही, आधार वाटतो. तोच हात रसिकावहिनीवर उठायचा, तेव्हा ती बिचारी बाथरूममध्ये पडले म्हणायची आणि आपण सगळे मान डोलवायचो.

त्या फाल्गुनात मात्र तिला पडले म्हणता आलं नाही. तू वरवंटा उचललास. जबडा दोन ठिकाणी मोडला तिचा, दात घशात गेला. का, तर देवीने तुला स्वप्नात सांगितलं की तुझी बायको तुझ्यामागे हसते. दादूस, बाकी कुणाच्या नाही, पण माझ्या हसण्याची शपथ घेऊन सांगते, त्या घरात ती बाई कधी हसलेली मी पाहिली नाही. प्रीतमने तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तार बांधलेल्या तोंडाने टिटवाळ्याला तिच्या आईकडे सोडलं आणि परत येऊन तुला एवढंच म्हणाला, की पुन्हा वहिनीच्या दारात दिसलास तर मीच पोलिसांना बोलवीन. ते शेजाऱ्यांनी ऐकलं. मग ते गावकीच्या बैठकीत गेलं. आणि मग चैत्राच्या तोंडावर ठरलं की पालखीचा पहिला खांदा, जो आपल्या घरच्या थोरल्याचा, आजोबांचा, बाबांचा, तुझा, तो यंदा प्रीतमने द्यावा. त्याने मागितला नव्हता. तो दोनदा नको म्हणाला, मला फोनवर म्हणाला, शालू, दादूसला हे झोंबेल गं, मी नंतर त्याच्या पाया पडून येतो. पाया पडायला तो आला तेव्हा तू दार उघडलं नाहीस.

आता ते लिहिते, जे तुझे वकील म्हणतात तुला नीट आठवत नाही. मला आठवतं. मी आरतीचं ताट घेऊन पायरीवर उभी होते, तुझ्यापासून चार हातांवर. बँजोवाले वाजवत होते, गुलाल उडत होता, पालखी नुकती उचललेली. प्रीतम पुढच्या दांड्याला, पांढऱ्या सदऱ्यात, घामाने निथळलेला, आणि त्याच्या तोंडावर ते लाजरं हसू, लहानपणी नवे कपडे घातल्यावर यायचं तसं. तू नारळ फोडायला पुढे आलास. कोयता तुझ्याच हातात असायचा दरवर्षी, कुणाला काय वाटणार? तू नारळ खाली ठेवलास आणि त्याच्या मागे गेलास. पहिला घाव मानेवर बसला. लाकूड फुटल्यासारखा आवाज आला, बँजोतूनसुद्धा ऐकू आला. त्याला वळता आलं नाही, कारण खांद्यावर दांडा होता. त्याने मोकळा हात मागे नेला, दुसरा घाव त्या हातावर आला आणि दोन बोटं माझ्या ताटाजवळ पडली. आणि तरी, दादूस, तरी त्याने दांडा सोडला नाही. गुडघे टेकेपर्यंत तो पालखी सावरत होता, देवी खाली पडू नये म्हणून. मागच्या लोकांनी पालखी धरली तेव्हा कुठे त्याने खांदा काढला आणि तो तोंडावर पडला. तिसरा घाव तू पडलेल्या माणसावर घातलास. तो कशाला रे? तोवर तो संपलाच होता. गुलालात मिसळलेलं ते रक्त माझ्या साडीला, हाताला, तोंडाला. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही, पण घसा बरेच दिवस बसलेला होता.

आणि तिसऱ्या घावानंतर तू घुमायला लागलास. मी बघत होते. आधी कोयता खाली ठेवलास, नीट, पात्याची बाजू आपल्याकडे येणार नाही असा, जसा घरी कोनाड्यात ठेवतोस. मग लोक तुझ्या अंगावर धावले, आणि मग तुझं डोकं हलायला लागलं, मग तू हात वर केलेस आणि ओरडलास, देवीनं सांगलंय मना, देवीनं सांगलंय! धावलेली माणसं जागच्या जागी थबकली. कुणी तुझ्यावर हात टाकला नाही. काहींनी तर हात जोडले. पोलिस येईपर्यंत प्रीतम तसाच पडलेला आणि तुझ्याभोवती मोकळं रिंगण. अंगात आलेलं मी पुष्कळ पाहिलंय, आपल्या आत्याच्या अंगात यायचं तेव्हा तिला आपल्या पदराचंही भान नसायचं. तुला कोयत्याच्या पात्याचं भान होतं.

त्या एका ओरडण्याने तू स्वतःला किती वाचवलंस ते कोर्ट ठरवील. पण त्याने प्रीतमचं काय केलंस ते तुला कुणी सांगितलं का? देवीने मारायला सांगितलं म्हटल्यावर मेलेल्याचं काहीतरी पाप असलंच पाहिजे ना! देवी उगाच कशाला सांगेल? आणि पाप सापडेना, म्हणून गाव रोज नवं पाप हुडकून आणतं. कुणी म्हणतं त्याने चामड्याचा पट्टा घालून पालखीला हात लावला. कुणी म्हणतं नवस बोलला होता, फेडला नाही. आणि बायका बोलतात ते तर ऐकवत नाही, की प्रीतमची ऐश्वर्यावहिनी त्या दिवसांत बाजूला बसायची होती, तिने ते लपवलं, तिच्या हातचं खाऊन तो पालखीला गेला. म्हणजे खून तू केलास आणि पाप तिच्या अंगावर! हळदीकुंकवाचं तर सोडच, पण हळदीला, बारशालासुद्धा तिला कुणी बोलवत नाही. तिच्या हातचं पाणी पीत नाहीत. माझ्या पार्लरमध्ये घोडबंदर रोडच्या चांगल्या शिकलेल्या बायका येतात, त्यासुद्धा भुवईला दोरा लागलेला असताना हळूच विचारतात, अगं, पण त्याने केलेलं काय एवढं? मारणाऱ्याने काय केलं, ते कुणी विचारतच नाही. मी त्या वेळी दोरा जरा जास्तच ओढते.

मी तुझ्यासारख्यांच्या बातम्या वाचायला लागलेय, मोबाइलवर. खूप आहेत रे तुम्ही. कुणी बायकोला मारलं, कुणी बापाला, कुणी पोटच्या पोराला, आणि प्रत्येकाला देवाने सांगितलेलं. काही खरोखर वेडे असतात, आवाज ऐकू येतात त्यांना, ते मला वाचताना कळतं. ते मारायच्या आधीही भांबावलेले असतात, नंतरही, आणि त्यांची मला दया येते. पण बाकीचे? त्यांचा देव नेमकं तेच सांगतो जे त्यांना आधीपासून हवं असतं. ज्याच्यावर दात असतो, त्याचंच नाव घेतो. आजवर कुणाला देवाने असं सांगितलेलं वाचलंस का, की ऊठ, बायकोची माफी माग? धाकट्या भावाला खांदा दे, तू मागे चाल? असलं काही देव बोलला तर ऐकायला कुणी थांबत नाही. जे आपल्या तोंडाने म्हणायची लाज वाटते, ते त्याच्या तोंडी घालायचं. मग रात्री झोपही लागते. आई म्हणते, तुला तिथे छान झोप लागते. मला सांग, खरंच लागते?

आता त्या दुपारचं. तुझ्या वकिलांना जे हवंय ते. मी गाभाऱ्यातल्या खांबामागे बसून देवीची वेणी गुंफत होते. तू आलास ते मला दिसलं, मी तुला दिसले नसेन. तू न्हाऊन आलेलास, केसांतून पाणी गळत होतं. तू तांब्यात पाकळ्या बुडवल्यास, तांदळ्यावर लावल्यास आणि हात जोडलेस. मला वाटलं, रसिकावहिनी परत येईल का विचारतोयस. खोटं नाही सांगत, माझं काळीज हललं. डावी पडली. तू तिथेच उभा राहिलास, मग दुसऱ्या पाकळ्या घेतल्यास, पुन्हा भिजवल्यास, दोन्ही भिजवल्यास. पुन्हा डावी पडली. तेव्हा तू मान फिरवून दाराकडे पाहिलंस, कुणी नाही ना. आणि तिसऱ्या वेळी एक पाकळी भिजवलीस, आणि दुसरी सदऱ्याच्या टोकाला पुसलीस, हळूच, दोन्ही बाजूंनी. ती उजवीकडे लावलीस. बोट काढायच्या आतच ती पडली. तू देवीच्या पायांवर डोकं ठेवलंस. आणि मला खांबामागे हसू आलं, दादूस. वाटलं, एवढा मोठा झाला, केस पिकायला आले, तरी खाडीवर पोहायला जायची लबाडी सोडली नाही. मी चोरा म्हणून हाक मारणार होते, पण वेणीचा दोरा दातांत धरलेला. हाक मारली असती तर, असं मी स्वतःला विचारत नाही. दोरा माझ्या तोंडात होता, कोयता तुझ्या हातात होता.

उजवी पडली, हे खरं आहे. वकिलांच्या प्रश्नाला मी हो म्हणाले तर ते खोटं नसेल, आणि आईने माझे पाय धरलेत, दादूस, अक्षरशः धरलेत. म्हणाली, एक देवीनं नेला, दुसरा तरी माझा मला ठेव, एवढा एक शब्द बोल. मी तिला उठवलं. ती ओट्यावर बसते ती त्या उजव्या पाकळीच्या आधारावर बसते. ती काढून घेतली, तर तिचा एक मुलगा मेलेला आणि एक खुनी, एवढंच तिच्या पदरात उरतं. हे मला कळतं. मी तिच्याच पोटची आहे.

पण परवा कृतिका माझ्याकडे राहायला आलेली. प्रीतमची पोर, सातवीत गेली. कपाळ अगदी बापाचं. शाळेत कुणीतरी तिला तो व्हिडिओ दाखवला. मी तिची वेणी घालत होते आणि तिने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, आत्या, पप्पांनी काय पाप केलेलं? रडली नाही, रागावली नाही. गृहपाठातलं विचारावं तसं विचारलं. तिने मानलंय रे, की काहीतरी केलंच असेल. रक्त गळणाऱ्या पोराला नाक घासायला लावलं होतं ना आपण, तसं आता त्याच्या लेकीला लावतोय. काल मंगळवार, मी देवळात गेले. कुणी नव्हतं. जास्वंदीच्या दोन पाकळ्या खुडल्या, दोन्ही चांगल्या भिजवल्या, आणि विचारणार होते, की साक्षीत सगळं सांगू का. हात तांदळ्यापर्यंत गेला आणि मनात आलं, डावी पडली तर मी गप्प राहीन का? नाही राहणार. उजवी पडली तर आईला सांगेन का, की देवीने बोलायला लावलं? तेही नाही. मग विचारायचं कशाला? मी दोन्ही पाकळ्या देवीच्या पायांशी ठेवल्या, नुसती फुलं वाहावीत तशा, आणि निघाले. सोमवारी कल्याणच्या कोर्टात मी तिन्ही कौल सांगणार आहे, दोन ओले आणि एक कोरडा. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. तुझ्या हातात तेवढे दिवस आहेत, तू आपल्या तोंडाने आधी बोललास तर आईला ते माझ्याकडून ऐकावं लागणार नाही. आणि नाही बोललास, तर माझा राग कर, मला शाप दे, पण कोर्टात विचारलं की ताई, सख्ख्या भावाविरुद्ध बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं, तर माझं उत्तर तुला आजच सांगून ठेवते. मला कुणी सांगितलेलं नाही. हे मी करतेय.

तुझ्या खांद्यावर बसून पूर पाहिलेली,
तुझीच शालू